आईचा कंप आणि लपवलेली जुनी फाइल

पत्राचा सारांश : मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. त्यांच्या आई ६३ वर्षांच्या असून महापालिकेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या आणि पतीसह परळला राहतात. त्यांना २७ वर्षांपासून बायपोलर, म्हणजे द्विध्रुवी मनोविकार आहे आणि तेव्हापासून त्या लिथियम घेतात. दोन वर्षांपूर्वी उन्मादाचा मोठा झटका आला, तेव्हा रिस्पेरिडोन या उन्माद आटोक्यात आणणाऱ्या औषधाची भर पडली. गेल्या आठ-नऊ महिन्यांत त्यांचा उजवा हात थरथरू लागला, चाल मंदावली, अक्षर बारीक झाले आणि चेहरा निर्विकार दिसू लागला. घरच्यांनी त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेले; मात्र धाकट्या भावाच्या लग्नाची बोलणी चालू असल्याने मानसिक आजार आणि त्यावरील गोळ्या सांगितल्या नाहीत, फक्त रक्तदाब आणि गुडघेदुखी सांगितली. डॉक्टरांनी पार्किन्सन्स म्हणजे कंपवात समजून त्यावरचे लेव्होडोपा हे औषध सुरू केले. त्यानंतर आईंची झोप कमी झाली, त्या पहाटे तीनला उठून कपाटे आवरतात, पुष्कळ बोलतात. घरच्यांना वाटते की औषध लागू पडले. मामा म्हणतात, मनाच्या गोळ्यांनीच पार्किन्सन्स झाला, तेव्हा लिथियम ताबडतोब बंद करा. वडिलांनी कौंचबीजाचे चूर्ण मागवले आहे. लेखिका विचारतात : नेमकी कोणती गोळी बंद करायची, आणि इतकी वर्षे औषधे देऊन आम्हीच आईला हा आजार दिला का?

तुमच्या प्रश्नांकडे येण्याआधी पत्रातील एका ओळीबद्दल बोलणे भाग आहे, कारण त्या बाबतीत वेळ घालवून चालणार नाही. लेव्होडोपा सुरू झाल्यानंतर आईंची झोप कमी होणे, पहाटे तीनला उठून कामाला लागणे आणि बोलणे वाढणे याला तुम्ही औषध लागू पडल्याची खूण मानता. पण द्विध्रुवी विकार असलेल्या व्यक्तीत हीच उन्मादाच्या सुरुवातीची नेहमीची लक्षणे असतात. लेव्होडोपापासून मेंदूत डोपामिन हे निरोप पोहोचवणारे रसायन तयार होते, आणि डोपामिन वाढल्याने हालचाल जशी सुधारते तसा उन्मादही उसळू शकतो. म्हणून आजच आईंच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन करून नवी गोळी कोणती, केव्हापासून आणि किती मात्रेत सुरू झाली हे सांगा, आणि लेव्होडोपा लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाही आजच कळवा. ती गोळी कमी करायची की थांबवायची हे त्या दोघांनी मिळून ठरवावे. घरच्या घरी एकाएकी बंद करण्याच्या गोळ्यांपैकी ती नाही.

लिथियम तर नाहीच नाही. मामांची काळजी खरी आहे याबद्दल मला शंका नाही, परंतु त्यांचा उपाय धोक्याचा आहे. लिथियम अचानक थांबवले तर पुढील काही महिन्यांत आजार उलटण्याची शक्यता पुष्कळ वाढते. काही आठवडे घेऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी केले तर ती तुलनेने कमी राहते. शिवाय मनोविकारांवरील औषधांमध्ये आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत ज्याचा पुरावा सर्वात भक्कम आहे, असे हे औषध आहे. २७ वर्षांत आईंनी नोकरी केली, शेकडो मुलांना शिकवले, तुम्हा भावंडांना वाढवले, त्यात या गोळीचा वाटा किती होता याचा हिशेब आज हात थरथरतो म्हणून पुसून टाकता येणार नाही.

आता तुमच्या प्रश्नातील पहिले गृहीतक पाहू. आईंना पार्किन्सन्सच झाला आहे, हे तुम्ही धरूनच चालला आहात. तसे असूही शकेल. परंतु मेंदूविकारतज्ज्ञांना तुम्ही अर्धीच उत्तरपत्रिका दाखवलीत आणि तिच्यावरून निकाल मागितलात. आईंना ही उपमा लगेच कळेल. डॉक्टरांना थरथर, मंद चाल, ताठरपणा आणि निर्विकार चेहरा दिसला, आणि समोर ठेवलेल्या माहितीवरून त्यांनी काढलेला निष्कर्ष योग्यच होता. रिस्पेरिडोनचे नाव त्यांच्या कानावर पडले असते, तर त्यांनी सर्वप्रथम त्याचाच विचार केला असता.

कारण औषधांमुळे येणारा पार्किन्सनसदृश त्रास ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. मूळ पार्किन्सन्सच्या आजाराखालोखाल अशा लक्षणांचे हे फार महत्त्वाचे कारण मानले जाते. हॅलोपेरिडोल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन यांसारखी औषधे मेंदूतील डोपामिनचे ग्राहक, म्हणजे त्याचा निरोप घेणारे रिसेप्टर, रोखतात, त्यामुळेच उन्माद आणि भ्रम आटोक्यात येतात; पण हालचालींचे नियमन करणाऱ्या भागातही ते ग्राहक रोखले गेले, की हातपाय जड होतात, पावले आखूड पडतात आणि चेहऱ्यावरचे भाव ओसरतात. वय जितके अधिक तितका हा धोका अधिक. येथे पेशी मेलेल्या नसतात, त्यांचा निरोप पोहोचत नसतो. पार्किन्सन्सच्या आजारात मात्र डोपामिन तयार करणाऱ्या पेशीच हळूहळू नष्ट होत जातात आणि लक्षणे ठळक दिसू लागेपर्यंत त्यातील निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक गेलेल्या असतात. दोन्हींतील हा फरक रुग्णासाठी फार मोठा आहे, कारण औषधाने आलेला त्रास ते औषध बदलल्यावर बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत उतरतो. कधी सहा महिने किंवा अधिकही लागतात. आणि रिस्पेरिडोन व लेव्होडोपा एकाच वेळी चालू असतील, तर एक जे वाढवू पाहते ते दुसरे रोखते. हालचालीला फायदा थोडा आणि मनाला धोका मात्र पुरेपूर, अशी स्थिती होऊ शकते.

लिथियमचा कंप याहून वेगळा असतो. तो बारीक आणि वेगवान असतो, दोन्ही हातांत असतो, आणि कप उचलताना किंवा सही करताना अधिक जाणवतो. पार्किन्सन्सचा कंप संथ असतो, हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना दिसतो आणि बहुधा एका बाजूने सुरू होतो. व्हॅलप्रोएट या दुसऱ्या मूड-स्थिरकानेही, म्हणजे लिथियमप्रमाणे मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधानेही, कंप येतो आणि कित्येक वर्षे ते घेतल्यानंतर काही जणांत पार्किन्सनसारखे चित्र उभे राहते. ते औषध थांबवल्यावर बहुधा ओसरते. आईंना ते चालू नसावे, पण हे वाचणाऱ्या इतर घरांसाठी नोंदवून ठेवते. तुम्ही लिहिता की कंप फक्त उजव्या हाताला आहे. ही गोष्ट पार्किन्सन्सच्या बाजूने जाते. मात्र औषधांचा त्रासही कधीकधी एका बाजूला अधिक दिसतो, त्यामुळे एवढ्यावरून निकाल लागत नाही.

निकालाच्या जवळ नेणारे काही प्रश्न तुम्ही स्वतः विचारू शकता. रिस्पेरिडोन सुरू झाल्यावर किंवा त्याची मात्रा वाढल्यावर लक्षणे किती काळाने दिसू लागली? फोडणीचा, अगरबत्तीचा वास आईंना पूर्वीसारखा येतो का? झोपेत त्या ओरडतात, हात झाडतात, लाथ मारतात असे बाबांनी पाहिले आहे का, आणि पाहिले असेल तर कधीपासून? बद्धकोष्ठता जुनी आहे का? वास मंदावणे आणि स्वप्नातली हालचाल प्रत्यक्षात होणे या गोष्टी पार्किन्सन्समध्ये कंपाच्या कित्येक वर्षे आधी सुरू होऊ शकतात, आणि निव्वळ औषधाने आलेल्या त्रासात त्या सहसा नसतात. हे सगळे पाहूनही संशय राहिला तर डोपामिन ट्रान्सपोर्टरचा, म्हणजे डोपामिन पेशीत परत ओढून घेणाऱ्या प्रथिनाचा, स्कॅन उपयोगी पडतो. आपल्याकडे तो ट्रोडॅट या नावाने केला जातो. डोपामिनच्या पेशी शाबूत असून केवळ ग्राहक रोखले गेले असतील तर तो साधारणतः सामान्य येतो. पार्किन्सन्स असेल तर या ट्रान्सपोर्टरचे प्रमाण घटलेले दिसते. तपासणी महागडी आहे आणि प्रत्येकाला तिची गरज नसते, म्हणून आधी औषधांची यादी पूर्ण करा आणि मगच तिचा विचार करा.

या यादीबद्दल मला थोडे अधिक आग्रहाने सांगायचे आहे, कारण तुमच्या पत्रात ती कोठेही एका जागी दिसत नाही. मानसोपचाराची फाइल एका कपाटात, रक्तदाबाचा केसपेपर दुसरीकडे, गुडघ्याच्या गोळ्या केमिस्टकडून थेट, आणि पित्ताची कॅप्सूल शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून, असेच बहुतेक घरांत असते. आपल्याकडे गॅस आणि पित्तावरच्या अनेक कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड मिसळलेले असते. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन आणि चक्कर वा अर्धशिशीसाठी सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन सर्रास दिले जाते. ही सर्व औषधे पार्किन्सनसारखी लक्षणे निर्माण करू शकतात, आणि त्यांचा मनोविकाराशी काही संबंध नसल्याने कोणाचाही संशय त्यांच्यावर जात नाही.

तुम्ही डॉक्टरांना सांगितलेल्या दोन निरुपद्रवी गोष्टींचाही लिथियमशी संबंध आहे. गुडघ्यासाठी घेतली जाणारी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके, आणि रक्तदाबासाठीची टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड ही औषधे मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडण्याचे प्रमाण घटवतात, आणि गोळी तीच असूनही रक्तातील पातळी चढते. साठीनंतर मूत्रपिंडे आधीच मंदावलेली असतात. त्यात ऑक्टोबरचा उकाडा, निर्जळी उपवास, जुलाब, किंवा रक्तदाबासाठी मीठ एकदम बंद करणे यांची भर पडली, की कालपर्यंत सोसलेली मात्रा आज जास्त ठरते. नेहमीच्या उपचारात लिथियमची पातळी लिटरला ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंटच्या आसपास ठेवतात, वयस्क व्यक्तींमध्ये पुष्कळदा त्याहून थोडी खाली, १.५ च्या वर विषबाधेची चिंता करावी लागते, आणि दीर्घकाळ लिथियम घेणाऱ्या वृद्धांत त्याहून कमी पातळीलाही त्रास होऊ शकतो. ही तपासणी शेवटच्या गोळीनंतर सुमारे १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी करायची असते. सोबत मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि थायरॉइडही पाहून घ्या, कारण थायरॉइड मंदावल्यानेही माणूस संथ आणि निस्तेज दिसतो. कंप एकाएकी ढोबळ झाला, तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, उलट्या-जुलाब किंवा गुंगी आली, तर ओपीडीच्या दिवसाची वाट न पाहता, लिथियमची पुढची गोळी देण्याआधी, त्यांना थेट कॅज्युअल्टीत न्या.

आता तो प्रश्न, जो मला वाटते तुम्हाला सर्वात जास्त जाळतो आहे. आम्हीच आईला हा आजार दिला का?

मन आणि हालचाल यांचा संबंध आपण आज प्रथमच पाहतो आहोत असे नाही, आणि या संबंधाच्या इतिहासाचे एक टोक मुंबईतच आहे. १९४९ मध्ये येथील हृदयविकारतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या रक्तदाबावरील उपयोगाबद्दल ब्रिटिश नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला आणि ही भारतीय वनस्पती जगभर पोहोचली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा उपयोग होतो हे मांडले. पुढे सर्पगंधेपासून वेगळे काढलेले रेसर्पिन मनोरुग्णांनाही दिले जाऊ लागले, तेव्हा काहींमध्ये कंप आणि ताठरपणा आला. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रेसर्पिन देऊन निश्चल झालेल्या सशांना १९५७ मध्ये लेव्होडोपा टोचले आणि ते पुन्हा हालू लागले. डोपामिनवरील या कामासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे तुमच्या आईंच्या दोन फायली ज्या रसायनाशी जोडलेल्या आहेत, त्याचे महत्त्व आपल्याला मनाच्या औषधाने आलेल्या थरथरीच्या वाटेनेच कळले. तो संबंध खरा आहे. मात्र औषधाने पार्किन्सन्सची लक्षणे आणणे वेगळे आणि पार्किन्सन्सचा आजार घडवणे वेगळे.

यात आणखी एक गोष्ट येते, जी मामांच्या तर्कात बसत नाही. पोर्तुगालमधील संशोधकांनी सात अभ्यासांतील चाळीस लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा द्विध्रुवी विकार असलेल्यांमध्ये पुढे पार्किन्सन्सचे निदान होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे तिप्पट दिसली. औषधांमुळे झालेले चुकीचे निदान टाळण्याची काळजी घेतलेले अभ्यास वेगळे काढले तरी ती फारशी उतरली नाही. याचा अर्थ असा असू शकतो की दोन्ही आजारांच्या मुळाशी डोपामिनच्या व्यवस्थेतील काही समान बिघाड आहे. नैराश्याचेही तसेच आहे : उतारवयात प्रथमच आलेले नैराश्य हे कधीकधी पार्किन्सन्सचे पूर्वलक्षण असते, आणि मग कंप दिसल्यावर घरचे म्हणतात की नैराश्याच्या गोळ्यांनी तो आणला, वास्तविक आजाराचा क्रमच तो होता. तिप्पट हा शब्द ऐकून घाबरू नका. साठीच्या पुढच्या शंभर जणांत पार्किन्सन्स साधारण एकाला असतो, त्यामुळे द्विध्रुवी विकार असलेल्या बहुतेकांना तो कधीच होत नाही. हे सर्व लक्षात घेता, आईंना औषधे दिली म्हणून तुम्ही स्वतःला दोषी धरावे असे कोणतेही कारण मला दिसत नाही.

यापुढे काय होईल, याच्या दोन वाटा संभवतात. त्रास रिस्पेरिडोनचा निघाला तर मानसोपचारतज्ज्ञ त्याची मात्रा हळूहळू कमी करतील, किंवा हालचालींवर कमी परिणाम करणारे क्वेटियापिनसारखे औषध त्याच्या जागी आणतील. लिथियमच्या बारीक कंपासाठी मात्रा उतरवणे किंवा दमा नसेल तर प्रोप्रॅनोलॉल देणे हे मार्ग आहेत. कंपावर सरसकट दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी या वयात विसरभोळेपणा, गोंधळ, बद्धकोष्ठता आणि लघवी अडकणे वाढवू शकते, म्हणून ती लिहून दिली गेल्यास किती दिवसांसाठी आहे हे आवर्जून विचारा. दुसरी वाट अशी की पार्किन्सन्सचे निदान पक्के होईल. तरीही मनावरचा उपचार आणि हालचालीवरचा उपचार यांपैकी एकच निवडण्याची वेळ येत नाही. लेव्होडोपा कमीत कमी उपयोगी मात्रेत देऊन, मूड-स्थिरक चालू ठेवून आणि झोपेवर बारीक नजर ठेवून दोन्ही आजार सांभाळले जातात. प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोलसारखी औषधे मात्र अशा रुग्णांत उन्माद, उधळपट्टी वा जुगाराची ओढ निर्माण करू शकतात, म्हणून तेथे अधिक जपावे लागते. कधी विजेच्या उपचारांचा विषय निघाला तर दचकू नका. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय ते करण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी आहे, आणि तीव्र नैराश्याबरोबर पार्किन्सन्सचा ताठरपणाही त्यांनी काही काळ हलका होतो.

बाबांना सांगा की कौंचबीजाचे चूर्ण आईंना देऊ नये. कौंच म्हणजे खाजकुइली, आणि तिच्या बियांत लेव्होडोपाच असते, फक्त किती ते पुडीवरून कळत नाही; आधीच लेव्होडोपाची गोळी चालू असताना आणि झोप उडालेली असताना ही भर घालणे योग्य नाही. बाबांची तळमळ समजते. त्यांना रोज रात्री आई किती तास झोपल्या हे वहीत लिहिण्याचे काम द्या, त्याचा डॉक्टरांना खरा उपयोग होईल.

राहिला लपवण्याचा प्रश्न. येथे मी स्पष्ट बोलते, कारण माझ्या मते तुमच्या घरातला सर्वात मोठा धोका कोणत्याही गोळीत नसून या निर्णयात आहे. मेंदूविकारतज्ज्ञ हे मुलीकडचे पाहुणे नव्हेत. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे, आणि मानसिक आजाराच्या बाबतीत गुप्ततेचा हक्क त्याच २०१७ च्या कायद्यात वेगळा नोंदवलेला आहे. तपासणीच्या खोलीत सांगितलेली गोष्ट लग्नाच्या बैठकीत पोहोचत नाही. सोबत ओळखीचे कोणी असेल आणि त्यांच्यासमोर बोलायचे नसेल, तर त्यांना बाहेर थांबायला सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे. भावी सुनेच्या घरी केव्हा आणि किती सांगायचे हा निराळा विषय असून तो आईंच्या संमतीशिवाय कोणी ठरवू नये; माझे मत विचाराल तर भावाने होणाऱ्या पत्नीला लग्नाआधी स्वतः सांगावे, आणि द्विध्रुवी विकार असलेल्यांच्या बहुतेक मुलांना तो आजार होत नाही हेही सांगावे. पण त्या निर्णयासाठी उपचार थांबवून ठेवता येणार नाहीत.

खासगी दवाखान्यात दोन डॉक्टरांची गाठ घालून देणे अवघड जात असेल, तर केईएम, नायर किंवा शीव रुग्णालयात मानसोपचार आणि मेंदूविकार हे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. केईएम तर तुमच्या आईंच्या घरापासून जवळच आहे. एका विभागाच्या केसपेपरवर दुसऱ्यासाठी संदर्भ लिहून मागा. मन मोकळे करायला किंवा रात्री-अपरात्री सल्ला घ्यायला टेलीमानसचा १४४१६ हा शासकीय क्रमांक निःशुल्क आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. पार्किन्सन्स निश्चित झाला तर मुंबईतील पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी रुग्णांचे आधारगट चालवते, तेथे व्यायामाबरोबर काळजी घेणाऱ्यांनाही सोबत मिळते.

तुमच्या पत्रात मामांचे मत आहे, बाबांचे आहे, भावाची अडचण आहे. आईंना काय वाटते हे मात्र कोठेच नाही. २७ वर्षे ज्यांनी रोज न चुकता आपली गोळी स्वतः घेतली, त्यांना आपल्या आजाराची जाण घरातल्या कोणाहीपेक्षा अधिक असणार. पहाटे जाग येते तेव्हा पूर्वीच्या उन्मादासारखे वाटते का, हे त्यांनाच विचारा. उत्तर बहुधा अचूक मिळेल. मग सर्व गोळ्यांची पाकिटे, चूर्णाची पुडी आणि पित्ताची कॅप्सूलसुद्धा टेबलावर मांडून, प्रत्येक औषध कधी सुरू झाले त्या तारखांसह एकच यादी करा आणि तिच्या दोन प्रती काढा. यादीच्या अगदी वर, त्यांना सर्वात जास्त त्रास कशाचा होतो हे त्यांच्याच शब्दांत लिहा, म्हणजे दोन्ही डॉक्टर आधी ते वाचतील.